शेऱ्याचा रकाना

चेंडूकडे मी बघतच नाही.
चेंडूकडे अख्खं नारिन बघतं :
पंच, आया, कठड्यावर बसलेले चुलते,
सूर्यफुलाच्या बिया फोडत उभा असलेला पोलीससुद्धा.
मी बघतो मान.
पास पायाशी येण्याआधीच्या दहा सेकंदांत
पोरगं किती वेळा खांद्यावरून मागे बघतं, एवढंच.
डाव्या खिशात कुरुत असतं, वाळवलेल्या दह्याच्या आंबट गोळ्या.
एका नजरेला एक गोळी उजव्या खिशात.
तीन झाल्या तर बरा.
पाच झाल्या तर नाव विचारायचं.
मध्यंतरात सगळा हिशोब मी खाऊन टाकतो.

पंधरा वर्षांखालचा देशाचा संघ.
सतरा गावं झाली होती, जीपचे दोन टायर,
आणि वहीत नावं चार. त्यातलं एक खोडलेलं.

त्या पोराच्या पाठीवर चिकटपट्टीचा सहा होता,
पळताना त्याचं शेपूट सुटून फडफडायचं.
एक. दोन. मी खिशात हात घातला.
चार. सहा.
आठव्या नजरेला डावा खिसा रिकामा.
बेकनजर, कोणीतरी म्हणालं, चौदावं चालू आहे.
नावातच नजर आहे, मी ड्रायव्हरला म्हटलं.
जुमाकादिर हसला नाही.
त्यानं हनुवटीनं दाखवलं :
जाळी नसलेल्या गोलामागे
करडी घोडी बांधलेली,
तिचं शिंगरू मोकळं,
आणि शिंगराच्या पलीकडे रस्ता,
चीनकडून येणारे ट्रक.

पोरगं बचावपटू हेरत नव्हतं.
शिंगरू मोजत होतं.
एकच होतं, तरी मोजत होतं.

त्या रात्री मी जुमाकादिरशी भांडलो,
म्हणजे बोललो मीच, तो गाडी चालवत होता.
मान ती मान. कशासाठी का वळेना.
शिंगराकडे बघताना वाटेतला बचावपटू
दिसतोच की नाही?
पास तर एकही चुकला नव्हता.
फॉर्म भरला. वडील नोवोसिबिर्स्कला विटा लावतात,
सही थोरल्या बहिणीनं केली,
आधी हात पुसून.

सप्टेंबरात बिश्केक.
हिरवं प्लास्टिक, त्यात काळे रबरी दाणे,
चारी बाजूंना उंच तारेची जाळी.
कुठे चरायला काही नाही, हरवायला काही नाही.
बेकनजरची मान जणू प्लास्टरात घातलेली.
वीस मिनिटांत चार वेळा
मागून कोणीतरी आलं आणि चेंडू घेऊन गेलं.
परदेशी प्रशिक्षकानं माझ्याकडे पाहिलं,
बंद पडलेल्या गाडीच्या मालकाकडे
मेकॅनिक पाहतो तसं.

मी उठलो. गुडघा वाजला.
जाळीबाहेर गेलो आणि चालायला लागलो,
करडी टोपी, साठीचा माणूस,
मध्येच थांबत, मध्येच भलतीकडे वळत,
काही ठरवलेलं नसल्यासारखा.
पोरांनी हाका मारल्या असतील. मला ऐकू नाही आल्या.
बेकनजरनं एकदा पाहिलं.
मी रस्त्याकडे थोडा सरकलो.
त्यानं परत पाहिलं.
बस गेली, धूळ उडाली,
मी फाटकाबाहेर एक पाय टाकला,
आणि त्याची मान वळली ती वळतच राहिली,
चेंडू आला, त्यानं तो न अडवता
डावीकडे सोडून दिला,
जिथे कोणीच नव्हतं.
मग होतं.

तंत्र : सहा. वेग : सात.
डोक्यानं खेळणं : पाच, वाढेल.
शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळींची जागा असते.
मी लिहिलं : याच्यासाठी मैदानाबाहेर
काहीतरी मोकळं सोडावं लागेल.

सोमवारी कार्यालयातून फोन आला.
अक्षर लागत नाही म्हणाले.
काय सोडायचं?